रेडिएटरमधला गाळ आणि आमचा ऑफ सीझन

गेल्या नोव्हेंबरात आमच्या बैठकीच्या खोलीतला रेडिएटर वरच्या कडेला हात ठेववणार नाही इतका तापत असे, पण खालच्या अर्ध्या भागाला, त्यातही मधोमध, हात लावला तर तो भिंतीइतकाच गार लागे. खोली उबदार व्हायला दोन-दोन तास लागत, आणि मुलगी शाळेतून आल्यावर कोट न काढताच गृहपाठाला बसे. पहिल्यांदा मला वाटले की आत हवा अडकली असेल, म्हणून वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू किल्लीने सैल केला. हवा जेमतेम फुसकन सुटली आणि तिच्या पाठोपाठ शाईसारखे काळे पाणी माझ्या हातातल्या पांढऱ्या फडक्यावर आले. ते फडके तीनदा धुऊनही पांढरे झाले नाही.

आम्ही लंडनच्या पश्चिमेला, रेडिंगमध्ये राहतो. घर १९७० च्या दशकातले, एका बाजूने शेजाऱ्यांच्या घराला चिकटलेले. इथल्या बहुतेक जुन्या घरांप्रमाणे आमच्याकडेही ऊब पाण्यावाटे येते: स्वयंपाकघरातला गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते तांब्याच्या नळ्यांतून नऊ पोलादी रेडिएटरांत फिरवतो आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे येते. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना हे पाणी रोज नवे येत नाही याचे नेहमी नवल वाटते. तेच शंभरेक लिटर पाणी वर्षानुवर्षे घरभर फिरत असते. माळ्यावर एक छोटी टाकी असते. पाणी तापून फुगले तर त्याला जागा असावी आणि कमी पडले तर भर घालता यावी, एवढेच तिचे काम.

जानेवारीच्या ऐन थंडीत पंप बंद पडला. तंत्रज्ञाने नवा पंप बसवला, जुना पंप वर्तमानपत्रावर ठेवून त्यातला काळा चिखल मला दाखवला, आणि संपूर्ण यंत्रणा मशीन लावून धुवावी लागेल, म्हणजे पॉवरफ्लश करावा लागेल, असे सांगून ६५० पौंडांचा आकडा लिहून दिला. दुसऱ्याला बोलावले, तर त्याच्या मते बॉयलर, टाक्या, नळ्या सगळेच काढून नवे बसवण्यात शहाणपण होते. तिसरा प्रौढ गृहस्थ कमी बोलणारा होता. त्याने खालच्या मजल्यावरच्या नळ्या पाहिल्या, त्या जेमतेम १० मिलिमीटर जाडीच्या निघाल्या, आणि तो म्हणाला की पॉवरफ्लश मी करून देईन, पण या बारीक नळ्यांतून सगळे निघेल याची हमी देणार नाही. हमी न देणाऱ्या माणसावर माझा सर्वांत जास्त विश्वास बसला, आणि त्याच रात्री मी मनाशी म्हटले की हमी कोणाचीच नसेल तर हे काम आपण स्वतः का करू नये?

हा प्रश्न मी फार चुकीच्या बाजूने धरला होता, हे पुढे कळले. मी विचार करत होते तो पैशांचा आणि धाडसाचा. पाना चालवता येतो का, गालिचा खराब होईल का, नवरा काय म्हणेल, असलेच प्रश्न माझ्या डोक्यात होते. (नवऱ्याचे म्हणणे गालिच्यापुरतेच होते, पण त्यावर तो ठाम होता.) गाळ म्हणजे नेमके काय आणि तो का झाला, इकडे मी वळलेच नव्हते.

हा गाळ बाहेरून आलेला नसतो. तो रेडिएटरांचेच झिजलेले पोलाद असते. पाण्यात भरपूर ऑक्सिजन असेल तर लोखंडाला आपल्या ओळखीचा तांबूस गंज चढतो. ऑक्सिजन तुटपुंजा असेल तर त्याच लोखंडाचा काळा, बारीक मॅग्नेटाइट तयार होतो आणि त्या क्रियेत हायड्रोजन सुटतो. ज्याला आपण रेडिएटरमधली हवा म्हणतो ती पुष्कळदा हा हायड्रोजन असतो, त्यामुळे हवा काढताना जवळ काडी पेटवू नये. मॅग्नेटाइट पाण्याच्या पाचपट जड असल्यामुळे प्रवाह जिथे मंदावतो तिथे तो बसतो, म्हणजे बरोबर रेडिएटरच्या तळाशी, मधोमध. वरून गार असेल तर वायू आणि खालून गार असेल तर गाळ, हे एवढे ज्ञान नोव्हेंबरातच असते तर माझे ते फडके वाचले असते.

एप्रिलच्या शेवटी माझे वडील, आप्पा, तीन महिन्यांसाठी आले. आप्पा वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात तीस वर्षे बॉयलर अटेंडंट होते. आमच्या स्वयंपाकघरातला भिंतीवरचा बॉयलर पाहून पहिल्या दिवशी ते मनापासून हसले होते, कारण त्यांच्या मते ती फार तर चहाची किटली होती. पण मी त्यांना काळ्या पाण्याची बरणी दाखवली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी बरणी उजेडात धरली, गाळ खाली बसेपर्यंत तशीच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “काढशील गं गाळ, पण तो येतोय कुठनं ते बघितलंस का? नाहीतर पुढच्या हंगामाला परत हाय तसंच.”

कारखान्यात बॉयलरला जाणारे पाणी आधी तापवून त्यातला ऑक्सिजन घालवतात, उरलेल्यासाठी रसायन घालतात, आणि चालू बॉयलरच्या तळाचे थोडे पाणी वेळोवेळी सोडून देऊन क्षार साचू देत नाहीत. गाळप संपले की ऑफ सीझनमध्ये बॉयलर उघडून ट्यूबा साफ होतात आणि इन्स्पेक्टर तपासून गेल्याखेरीज पुढच्या हंगामाचे अग्निप्रदीपन होत नाही. हे सगळे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले होते, पण आपल्या घरातल्या रेडिएटरांशी त्याचा काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते. बंद यंत्रणेत तेच पाणी फिरत असेल तर त्यातला ऑक्सिजन सुरुवातीच्या काही दिवसांतच लोखंड खाऊन संपतो आणि गंजणे जवळजवळ थांबते. म्हणजे आमच्याकडे इतका गाळ झाला याचा अर्थ ऑक्सिजन कुठून तरी सतत आत येत होता. कुठे गळती असेल तर टाकीतून सतत नवे पाणी येऊन नवा ऑक्सिजन आणते. पण आमच्याकडे गळती कुठेच नव्हती.

आप्पांचा दुसरा प्रश्न माळ्यावरच्या टाकीचा होता. एकाहत्तराव्या वर्षी शिडी चढू नका असे मी सांगत असतानाच ते वर पोहोचले होते. मी खाली हीटिंग सुरू केले आणि शिडी धरून उभी राहिले. दहा मिनिटांनी वरून आवाज आला, “पाणी कोमट हाय गं इथलं. आणि वरच्या वाकड्या नळीतनं पडतंय.”

खरे तर ती वाकडी नळी वाफ किंवा फुगलेले पाणी कधी काळी बाहेर पडावे म्हणून असते. तिच्यातून रोज पाणी पडणे अपेक्षित नाही. आमच्याकडे मात्र पंप चालू असताना पाणी तिच्यातून टाकीत पडत होते, पडताना हवा सोबत घेत होते, आणि टाकीच्या तळाच्या नळीतून पुन्हा यंत्रणेत जात होते. घरातल्या नऊ रेडिएटरांना ऑक्सिजन पुरवणारा हा कारंजाच म्हणायचा. असे होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे टाकीतून खाली येणारी नळी मुख्य नळीला जिथे मिळते तो सांधा गाळाने तुंबणे. तो तुंबला की भरणीची नळी आणि ती वाकडी नळी यांच्यातला तोल बिघडतो आणि पंप पाण्याला वर ढकलतो. जानेवारीत नवा पंप बसवणाऱ्याने तो सर्वांत जास्त वेगावर लावून दिला होता, त्यामुळे हे ढकलणे आणखी वाढले असणार.

सांधा तुंबला आहे की नाही हे नळी न कापता कसे कळावे? याला एक सुरेख युक्ती आहे. तांब्याला चुंबक चिकटत नाही, पण आत मॅग्नेटाइट भरला असेल तर चिकटते. फ्रिजवरचे गणपतीपुळ्याचे चुंबक आधी लावून पाहिले, ते सगळीकडूनच घसरले. मग माळ्यावर पडलेल्या एका जुन्या स्पीकरचे चुंबक काढले. आंघोळीच्या गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटात, सांध्यापासून वीतभर वर ते नळीवरून घरंगळले, चार बोटांवर आल्यावर किंचित ओढ लागली, आणि अगदी सांध्यावर ते असे बसले की मी हात काढून घेतला तरी तांब्याच्या नळीवर तसेच राहिले. तांब्याला चुंबक चिकटलेले पाहून नवराही गालिचा विसरून कपाटात डोकावला.

या एका चुंबकाने माझा निर्णय बराचसा केला. मी उत्साहाच्या भरात आधीच रसायन आणून माळ्यावरच्या टाकीत ओतले असते, तर त्यातले बरेचसे तुंबलेल्या सांध्याच्या वरच रेंगाळले असते. पाणी काढून पुन्हा भरायला गेले असते तर यंत्रणा भरायलाच दिवस गेला असता. आणि ६५० पौंडांचा पॉवरफ्लश करून घेतला असता, पण सांधा तसाच राहिला असता, तर कारंजे चालूच राहून काही वर्षांत तोच गाळ पुन्हा झाला असता. पहिल्या दोघांपैकी कोणीही माळ्यावर चढले नव्हते, याचा मला अजूनही राग येतो.

मग काम वाटून घेतले. गॅसचे काम ब्रिटनमध्ये ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या माणसाशिवाय करणे बेकायदा आहे, त्यामुळे बॉयलरच्या आत हात घालण्याचा प्रश्नच नव्हता. पाण्याच्या बाजूला असे बंधन नाही, पण माझी स्वतःची मर्यादा आहे: मला नट फिरवता येतो, नळी कापून झाळता येत नाही. म्हणून तुंबलेला सांधा कापून नवा बसवणे, पाणी सोडण्याची जुनी अडकलेली तोटी बदलणे, पंपाचा वेग कमी करणे आणि बॉयलरजवळ चुंबकाचा फिल्टर बसवणे ही कामे त्या हमी न देणाऱ्या गृहस्थांना दिली. रसायन घालणे, पाणी सोडणे, रेडिएटर धुणे हे सगळे आम्ही करायचे ठरवले.

बॉयलर नवा असता तर मी हे धाडस केले नसते, हे स्पष्ट सांगते. नव्या बॉयलरची वॉरंटी असते, आणि यंत्रणा कधी, कोणत्या रसायनाने धुतली याची नोंद सोबतच्या पुस्तिकेत भरलेली नसेल तर गाळामुळे झालेल्या बिघाडाचा खर्च कंपनी नाकारू शकते. आमच्या बॉयलरची वॉरंटी केव्हाच संपली होती. सगळ्या नळ्या बारीक असत्या आणि गाळ नळ्यांतच दाटला असता तरीही माझी उडी फुकट गेली असती, कारण घरच्या होजच्या धारेने तसल्या नळ्या मोकळ्या होत नाहीत. आमच्याकडे वरच्या मजल्यावर १५ मिलिमीटरच्या नळ्या आहेत, फक्त खालच्या चार रेडिएटरांना गिलाव्याच्या आतून बारीक नळ्या उतरतात. त्यातले दोन पूर्ण तापत होते, म्हणजे त्यांच्या नळ्या मोकळ्या होत्या. उरलेल्या दोघांत गाळ रेडिएटरच्या तळाशी होता, आणि रेडिएटर तर काढून अंगणात नेता येतो.

मे महिना निवडला तो आप्पांच्या आग्रहाने. ऑफ सीझनला काम काढायचे, म्हणजे बिघडले तरी हंगाम अडत नाही, हा त्यांचा नियम इथल्या हवेला तंतोतंत लागू पडतो. जानेवारीत रविवारी संध्याकाळी एखादा नट आटे सोडून बसला तर सोमवारी सकाळपर्यंत घरात श्वासाची वाफ दिसेल.

त्या गृहस्थांनी सांधा कापला आणि तुकडा माझ्या हातावर ठेवला. बाहेरून चकचकीत १५ मिलिमीटरची नळी, आणि आत दगडासारखा काळा थर, ज्यातून पेन्सिलीचे शिसे कसेबसे गेले असते. तो तुकडा आप्पांनी रुमालात बांधून बॅगेत ठेवला. इस्लामपूरला मित्रांना दाखवायचा होता.

मग आम्ही सौम्य प्रकारचे साफ करणारे रसायन टाकीतून घातले आणि रोज दोन तास हीटिंग चालवले. मे महिन्यात खिडक्या उघड्या टाकून घर तापवताना शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून चौकशी केली, तेव्हा त्यांना पटेल असे उत्तर मला सुचले नाही. आठ दिवसांनी बॉयलर बंद करून, सगळे निवू देऊन, तोटीला होज लावला आणि त्याचे दुसरे टोक स्वयंपाकघरातल्या मोरीचे पाणी जाते त्या गटारात सोडले. हे मुद्दाम लिहिते, कारण इथल्या अनेक घरांत छतावरच्या पावसाच्या पाण्याची गटारे वेगळी असतात आणि ती थेट ओढ्या-नदीला मिळतात. रसायनाचे काळे पाणी तिकडे सोडले तर ते केनेट नदीत जाईल. पहिले पाणी डांबरासारखे, दुसऱ्यांदा भरून सोडले ते कोऱ्या चहासारखे, आणि चौथ्यांदाचे जवळजवळ नितळ आले. दर वेळी एकच रेडिएटर उघडा ठेवून बाकीचे बंद केले, म्हणजे सगळी धार एकाच वाटेने जाते.

बैठकीतला रेडिएटर मात्र काढावाच लागला. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे. ज्या बाजूला टोपीखाली साधा खुंट असतो, तो बंद करताना किती वेढे फिरला हे मोजून लिहून ठेवायचे, कारण पुन्हा तेवढाच उघडला नाही तर सगळ्या घराचा तोल जातो. आमचा आकडा पावणेदोन. खाली जुनी परात, तिच्याभोवती टॉवेल, त्याखाली प्लॅस्टिक, आणि मग दोन पाने घेऊन नट: एकाने व्हॉल्व्ह धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर नटाबरोबर बारीक नळीही पिळवटते. नट अर्धा वेढा सैल झाला आणि परातीत काळी धार पडू लागली. परात भरत आली की नट आवळायचा, परात रिकामी करायची, पुन्हा सैल करायचा. सात पराती झाल्या. नंतर दोन्ही तोंडांत फडकी कोंबून नवऱ्याने आणि मी तो आडवा न करता अंगणात नेला. होज लावल्यावर पहिली दोन मिनिटे काहीच बाहेर आले नाही, आणि मग बैलगाडीच्या आसाला लावतात त्या वंगणासारखा लगदा एकदम सुटून फरशीवर पडला. आप्पा रबराच्या हातोडीने तळाच्या कडेवर टोक-टोक करत होते आणि आवाज बदलेपर्यंत थांबले नाहीत. फरशीवरचा तो डाग अजून आहे. गालिच्यावर मात्र एक थेंबही पडला नाही.

शेवटच्या भरणीत गंज रोखणारे इनहिबिटर घातले. ही बाटली विसरली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते, कारण नव्या पाण्यातल्या ऑक्सिजनला समोर घासून साफ झालेले लोखंडच मिळते. ब्रिटनच्या बीएस ७५९३ या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत साफसफाई, इनहिबिटर आणि फिल्टर हे तिन्ही सांगितले आहेत आणि इनहिबिटरची दरवर्षी तपासणीही. माझी तपासणी साधी होती: एका बरणीत रेडिएटरचे पाणी, दुसरीत नळाचे, दोन्हींत एकेक लोखंडी खिळा. आठवड्याने नळाच्या पाण्यातला खिळा तांबूस झाला, रेडिएटरच्या पाण्यातला तसाच राहिला. एकूण खर्च २७० पौंड आला, त्यातले २०० त्या गृहस्थांचे आणि त्यांच्या सामानाचे. आमचे दोन शनिवार-रविवार गेले ते यात धरलेले नाहीत, आणि ज्यांच्याकडे आप्पा नाहीत त्यांनी ते जरूर धरावेत.

सगळे काही सुरळीत झाले असे नाही. मुलीच्या खोलीतला छोटा रेडिएटर आम्ही काढला नव्हता, तरी धुणे झाल्यावर त्याच्या तळाच्या जोडावर आठवड्याभरात पाण्याचा एक मणी दिसू लागला. पोलाद आतून कुरतडले गेले होते आणि गाळानेच ते छिद्र बुजवून धरले होते. जुनी यंत्रणा धुताना हा धोका असतो आणि तो त्या गृहस्थांनी मला सांगितलाही होता. मीच तो मनावर घेतला नव्हता. पॉवरफ्लश केला असता तरी हेच झाले असते, फक्त मग भांडायला कोणीतरी समोर असते. व्हॉल्व्ह बंद केले आहेत, नव्या रेडिएटरसाठी ६०० बाय ८०० मिलिमीटरचे माप घेऊन ठेवले आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या गार संध्याकाळी हीटिंग सुरू केले तेव्हा बैठकीतला रेडिएटर वीस मिनिटांत तळापर्यंत तापला आणि माळ्यावरच्या टाकीतले पाणी गारच राहिले. रात्री आप्पांचा फोन आला. त्यांनी विचारले, “काय गं, अग्निप्रदीपन झालं का?” झाले म्हणून सांगितले, आणि पोरीच्या खोलीत रेडिएटरखाली परात अजून ठेवलेली आहे, हेही सांगितले.